शेततळ्याच्या तोंडाशी पाणलव्हाळा



दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी उन्हाळ्यात आमची सभा होती. विषय शेततळ्याचा. बोलता बोलता मी सांगितलं, की तळ्यात पाणी शिरतं त्या तोंडाशी लव्हाळा लावा. लगेच मागच्या रांगेतून एक बाबाजी उठले आणि म्हणाले, "साहेब, आमी जल्मभर वावरातला लव्हाया खंदला, अन् तुमी आता तोच लावाले सांगता काय?" सगळी सभा हसली. मलाही हसू आलं. पण बाबाजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी वेळेअभावी त्यांना पुरतं उत्तर देता आलं नाही. नंतर याच विषयावर पत्रंही आली. म्हणून आज थोडं सविस्तर बोलतो.

आधी आपल्या खारपाणपट्ट्याबद्दल. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं या पट्ट्यात येतात. विहीर खणली तर पाणी खारं, आणि ते पिकाला दिलं तर जमीन बिघडते. त्यामुळे गोडं पाणी म्हणजे वरून पडतं तेवढंच. ते अडवून ठेवायचं तर शेततळं हवं. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून आणखी तळी झाली. आपल्या चिकण काळ्या मातीतून पाणी फारसं झिरपत नाही, म्हणून इथे बहुतेक ठिकाणी पन्नी अंथरावी लागत नाही. ही या जमिनीची चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की हीच माती तळ्याचा घात करते.

घरी एक प्रयोग करून पाहा. तळ्याच्या काठावरचं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या. विहिरीचं पाणी चालणार नाही, कारण खाऱ्या पाण्यात माती फुटली तरी तळाशी बसून राहते आणि आपली फसगत होते. ढेकूळ अलगद पाण्यात सोडा आणि पेला हलवू नका. दोन-तीन तासांनी पाहा. ढेकूळ नुसतं विस्कटलं आणि पाणी वर नितळ राहिलं, तर काळजी थोडी. पण ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि तो खाली बसेना, तर समजा की मातीत सोडियम जास्त आहे. असा काठ पावसात बताशासारखा विरतो. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचं पाणी त्या भेगांत शिरतं, आतून माती खाऊन बीळ करतं, आणि एका रात्रीत काठाचा तुकडा तळ्यात बसतो. ज्यांच्याकडे तळं आहे त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

आता थोडा हिशेब करू. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं काठोकाठ भरलं, की त्यात 2196 घनमीटर, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. या तळ्याचा तळ 24 मीटर लांब-रुंद असतो. तळाशी फूटभर गाळ बसला, तर पावणेदोन लाख लिटर पाण्याची जागा गेली. हरभऱ्याला फुलावर किंवा घाटे भरताना तुषार संचाने चार सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर एकराला एक लाख साठ हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे फूटभर गाळ बसला की एक एकर हरभरा पाण्यावाचून राहिला. तीन फूट बसला, तर तीन एकरांपेक्षा जास्तच, कारण वर जावं तसं तळं रुंद होत जातं. शिवाय गाळ काढायला यंत्राचं भाडं आलं, ते वेगळं.

हा गाळ येतो कुठून? बरेच जण म्हणतात, काठ ढासळतो म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. मी जी तळी फिरून पाहिली, त्यांत गाळाचा मोठा ढीग पाणी आत शिरतं त्या तोंडाखाली होता. वरच्या वावरातून, धुऱ्याच्या बाजूने, चरातून पाणी पळत येतं, सोबत माती आणतं आणि तळ्यात पडलं की थांबतं. पाणी थांबलं, की माती खाली बसते. तर मग पाणी तळ्यात पडायच्या आधीच का थांबवू नये? लव्हाळ्याची गरज इथे लागते.

लव्हाळा हे गवत नाही, ही त्याची पहिली ओळख. गवताची काडी गोल असते आणि तिला पेरं असतात. लव्हाळ्याची दांडी चिमटीत धरून फिरवा, तीन धारा बोटाला लागतात. पेरं नसतात, आत भेंडासारखा गाभा असतो, पानं तीन बाजूंना फुटतात. या कुळात शेकडो वनस्पती आहेत. आपल्याला त्यांतल्या दोन ओळखता आल्या की पुरे.

एक तो वावरातला, ज्याला आपण नागरमोथा म्हणतो. गुडघ्याच्या खालीच राहतो, तुरा तांबूस-तपकिरी असतो. खणला तर काळपट, कडक, वासाच्या गाठी तारेसारख्या धाग्यावर मण्यांसारख्या ओवलेल्या दिसतात. वखर फिरवला की धागा तुटतो आणि सुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. म्हणूनच नुसत्या वखराने तो मरत नाही, उलट वाढतो. बाबाजींनी जन्मभर खंदला तो हाच. याला तळ्याजवळ काय, शिवारात कुठेही बोलावू नका.

दुसरा पाण्यातला. नाल्याच्या डोहाशी, जुन्या गावतळ्याच्या कडेला, पाय पाण्यात ठेवून उभा असतो. छातीएवढा, कधी पुरुषभर उंच. दांडी अंगठ्यासारखी जाड आणि तीन धारांची, तुरा मोठा, पसरट, तपकिरी. याला कचेरा किंवा कसेरू म्हणतात. याच्या मुळांतून चिखलात आडवे धुमारे पळतात, धुमाऱ्याच्या टोकाला कंद येतो, कंदातून नवा ठोंब. असं करत करत तो चिखलात चटई विणतो. हे कंद लोक खातातही. मी बोलतो आहे तो याच्याबद्दल, आणि गोंधळ नको म्हणून त्याला पाणलव्हाळा म्हणतो. आपल्या कोरडवाहू वावरात त्याचा टिकाव लागत नाही, कारण त्याला पावसाळाभर ओल हवी. धानाच्या बांधीत मात्र तो वाईट तण होतो. म्हणून हा सल्ला खारपाणपट्ट्यातल्या तळ्यांपुरता आहे. पूर्वेकडे कुणी नातेवाईक धान करत असतील, तर त्यांना हा सांगू नका.

तुकोबांच्या अभंगातला महापुरात टिकणारा लव्हाळा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो टिकतो याला कारण आहे. त्याच्या दांडीत लाकूड नाही, म्हणून पाण्याच्या लोंढ्यापुढे ती मोडत नाही, आडवी होते. आडव्या झालेल्या दांड्यांचं जमिनीवर आच्छादन होतं, खालची माती सुटत नाही, आणि खाली मुळांची चटई पकडून असते. लोंढा ओसरला की पुन्हा उभा. मधल्या काळात दांड्यांच्या गर्दीत पाण्याचा वेग मेला, की जड माती तिथेच बसते.

आता तो लावायचा कसा. तळ्याच्या तोंडाच्या अलीकडे सहा फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल गाळखड्डा घ्या. खड्डा आणि तळं यांच्यामध्ये दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असा पट्टा ठेवा. हा पट्टा आडव्या अंगाने अगदी सपाट हवा. थोडा जरी एका बाजूला कलला, तरी पाणी त्या बाजूने घळ पाडून निघून जातं आणि तुमचे ठोंब शेजारी उभे राहून मजा पाहतात. दोन्ही कडांना वीतभर उंच मातीची वरंबी करा, म्हणजे पाणी पट्ट्यावरूनच जाईल. पट्ट्यावरून तळ्यात पाणी उडी मारतं, त्या जागी दगड रचा. दगड दुरून आणावा लागत असेल, तर सिमेंटचा पाइप टाका. ही उडीची जागा उघडी सोडली, तर बाकीचं सगळं वाया जाईल.

लागवड मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर, जून अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत करावी. ठोंब लांबून मागवू नका. आपल्याच शिवारातल्या, आपल्यासारख्याच मातीतल्या नाल्यातून घ्या. जो तिथे जगला, तो तुमच्याकडेही जगेल. एका ठिकाणचा सगळा खणून आणू नका, तिथलाही काठ त्यानेच धरलेला असतो. तीन-चार दांड्या आणि खाली मुळाचा, कंदाचा तुकडा असा एक ठोंब. दांडी फूटभर ठेवून वरचं कापा. दीड-दीड फुटावर, एका रांगेच्या फटीसमोर दुसऱ्या रांगेचा ठोंब येईल असे लावा. एवढ्या पट्ट्याला पन्नास-साठ ठोंब पुरतात. दोन माणसांचं सकाळचं काम आहे. चिखलात बोटभर खोल दाबा, शेजारी पऱ्हाटीची काडी खोचून बांधा. पहिल्या महिन्यात मोठा लोंढा आला, तर न बांधलेले ठोंब वाहून जातात. लावताना वर चार बोटांपेक्षा जास्त पाणी नको. मूळ धरल्यावर दोन-अडीच फूट पाण्यातही तो आरामात उभा राहतो.

इथे माझी एक चूक सांगतो. अशाच एका तळ्यावर मी स्वतः उभं राहून लागवड करून घेतली. ठोंब नाल्यातले, चांगले जोमदार. पावसाची घाई होती, म्हणून मातीसकट आणले आणि मातीसकट लावले. त्या मातीत वावरातल्या नागरमोथ्याच्या गाठी होत्या. पुढच्या वर्षी पाणलव्हाळा छान उभा होता आणि शेजारी काठावर, तिथून खाली त्यांच्या मिरचीच्या वाफ्यात, नागरमोथा. त्या शेतकरी भावाने मला काही म्हटलं नाही, नुसतं वाफ्याकडे बोट केलं. वहिनींनी मात्र विचारलं, "साहेब, आता निंदाले कोन येते?" त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे गेलो की खुरपं मागून घेत असे. म्हणून सांगतो, ठोंब आणला की आधी टोपलीत घालून वाहत्या पाण्यात मुळं पूर्ण धुवा, माती एक कणही ठेवू नका. धुतलेल्या मुळांत धाग्यावर ओवलेली बारीक काळी गाठ दिसली, तर तो ठोंब उन्हात वाळवून जाळा. या कामाला अर्धा दिवस जास्त लागतो, तो लागू द्या.

काठाच्या बाकीच्या भागाचं काय? तीन मीटर खोल आणि उभ्या उताराच्या तळ्यात पाण्याची रेषा दर आठवड्याला खाली जाते. उन्हाळ्याच्या भरात तर दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. अशा उतारावर पाणलव्हाळा सगळीकडे लावण्यात अर्थ नाही. पाणी दूर गेलं की तो वाळेल. पूर्ण भरल्यावर पाणी जिथे लागतं, तिथे दीड फुटाची पायरी काढली असेल, तर त्या पायरीवर एक रांग लावा. वरच्या कोरड्या उतारावर वाळा किंवा मारवेल लावा. वाळ्याचं मूळ सरळ खोल जातं, तो पसरत नाही आणि खारट जमीनही सोसतो. मारवेल कापून बैलाला होतो. खोदलेल्या मातीचा ढीग काठापासून निदान तीन फूट मागे असू द्या. आणि पेल्यात दुधाळ ढग दिसला असेल, तर माती परीक्षण करून त्या प्रमाणात काठाच्या मातीत जिप्सम मिसळा. पाणलव्हाळा जाड गाळ धरतो, पण तो दुधाळ गढूळपणा दांड्यांना दाद देत नाही. तिथे जिप्समच लागतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या माती परीक्षण केंद्रात नमुना द्या.

दिवाळीनंतर पट्टा वाळू लागतो, दांड्या पिवळ्या पडतात. घाबरू नका. वरचं मेलं तरी चिखलातले कंद जिवंत असतात. भेगा पडल्या की काही ठोंब तुटून मरतील. तिथे पुढच्या जुलैत पाच-दहा ठोंब सांधा. बी पिकायच्या आत, ऑक्टोबरमध्ये तुरे कापून घ्या. कापलेल्या दांड्या गोठ्यात अंथरायला चांगल्या, मग शेणाबरोबर खड्ड्यात जातील. जनावरं कोवळा असताना खातात, पण चारा म्हणून त्यावर विसंबू नका. गाळखड्डा मात्र दर उन्हाळ्यात उपसायचा. चार माणसांना एका दिवसात होतं, आणि ती माती वावरातच परत जाते. तळ्यातला गाळ उपसायला यंत्र लागतं, खड्ड्यातला फावड्याने निघतो, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा फायदा, पण तो मोठा आहे.

तो पसरतो, हे विसरू नका. पट्ट्याच्या बाहेर आला की त्याला रोखायचं. दर जुलैत पट्ट्याच्या कडेने कुदळीने एक खोल रेघ मारून धुमारे तोडा. पाण्यात पुढे सरकला असेल, तर तळं भरलेलं असताना विळा पाण्याखाली वीतभर घालून दांड्या कापा. पाण्यावर कापलं तर पुन्हा फुटतो, पाण्याखाली कापलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि तो कुजतो. औषध फवारायची गरज नाही, आणि ज्या पाण्यावर गुरं येतात, तिथे फवारूही नये.

पन्नी अंथरलेल्या तळ्याच्या आसपास कोणताही लव्हाळा नको. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि पन्नी भोकसतो. ज्यांच्या शिवारात रानडुकरांचा त्रास आहे, त्यांनीही विचार करून लावा, डुकराला या कंदांची भारी आवड. कंदासाठी त्याने पट्टा उकरला, तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. तिथे नुसता वाळा लावलेला बरा. आणि तळ्याची एक बाजू, जिथून तुम्ही उतरता ती, पूर्ण मोकळी ठेवा. दाट झाडोऱ्यात काठ कुठे संपतो हे लेकरांना दिसत नाही. त्या बाजूला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा.

मूर्तिजापूर तालुक्यातून आलेल्या एका पत्रात विचारलं आहे, की काठावर आपोआप बेशरम आलेली आहे, तीच राहू दिली तर चालेल का? नाही चालणार. बेशरम माती धरते हे खरं, पण तिची फांदी तुटून पडली तिथे मूळ धरते, तळं गिळते, आणि शेळ्यांनी खाल्ली तर विषबाधा होते. पूर्व विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात, ढिवर मच्छीमारांनी मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांना सोबत घेऊन जुन्या मालगुजारी तलावांतली बेशरम उपटून काढली आणि तिथे पूर्वी असणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना देशी मासे परत हवे होते, आपल्याला गाळ अडवायचा आहे. हेतू वेगळे, पण पद्धत घेण्यासारखी आहे. त्यांनी उन्हाळ्यात तलाव आटल्यावर बेशरम मुळासकट काढली, पावसानंतर नवी लागवड केली. तुम्हीही मे महिन्यात बेशरम खणा, वाळवून जाळा, तिची एकही ओली कांडी काठावर पडू देऊ नका, आणि मगच ठोंब आणायला निघा.

दुसरं पत्र अकोटकडचं. पाणकणीस लावलं तर? त्याचं बी कापसासारखं उडतं आणि शेजारच्यांच्या तळ्यातही जातं. ते नको.

ठोंब नेमका कोणता, याबद्दल शंका असेल, तर तुऱ्यासकट आणि मुळासकट एक रोप ओल्या पोत्यात गुंडाळून आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. तुरा नसलेलं रोप आणू नका, तुऱ्यावाचून आम्हालाही ओळखायला अडचण होते. तुरे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. म्हणजे या वर्षी भादव्यात नाल्याच्या काठी फिरून ठोंब हेरून ठेवायचे, खुणेला चिंधी बांधायची, गाळखड्डा आणि पट्टा उन्हाळ्यात करायचा, आणि लागवड पुढच्या मृगात.